काच उतरली पाहिजे

उकर्डाभाऊ गाडीच्या कामाला आले की पाना-पेचकस काढायच्या आधी घरातलं एक ताट मागायचे. साधं जेवायचं, स्टीलचं. आमच्या हिला पहिल्यांदा वाटलं, माणूस सकाळी सात वाजता आलाय, न्याहारी करून कामाला लागणार असेल. तिनं ताटात दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी वाढून आणली. उकर्डाभाऊंनी पायरीवर बसून पोळ्या खाल्ल्या, ताट नळाखाली धुतलं, डोक्याच्या दुपट्ट्यानं कोरडं केलं आणि गाडीच्या दाराशेजारी जमिनीवर ठेवलं. मग दाराचा पहिला स्क्रू काढला आणि ताटात मीठ वाढतात त्या जागी ठेवला.

पुढचं सगळं त्याच क्रमानं चाललं. हँडलमागचे स्क्रू मिठाच्या जागी, खालचे लिंबाच्या जागी, प्लॅस्टिकचे खटके चटणीच्या जागी आणि काचेला धरून ठेवणारे दोन बोल्ट मधोमध, भाताच्या जागी. "डावी-उजवी चुकली त दार बोंबलते सर," असं ते मला म्हणाले. काम संपेपर्यंत ताट रिकामं झालं पाहिजे. एक जरी खटका उरला तरी ते पुन्हा सगळं उघडायचे. शेवटी ताट राखेनं दोनदा घासून हिच्या हातात द्यायचे. ही ते घ्यायची, आणि ते गेल्यावर तिसऱ्यांदा घासायची.

मी मालेगावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मालेगाव म्हणजे आमचं, वाशिम रोडवरचं. उकर्डाभाऊ गावाबाहेरच्या माळ्यांच्या मळ्यांत राहायचे. दीड एकर बागाईत, एक विहीर, मेथी, कोथिंबीर, वांगी. तरुणपणी वाशिमच्या एका गॅरेजात सात-आठ वर्षं काढली होती, ती विद्या हातात राहिली. पण मला ते माहीत झाले तेव्हा गाड्यांचं एकच काम करायचे, काचेचं. बटण दाबलं की दारातली काच वर-खाली करणारी जी मशीन असते, एक मोटर, एक तार, दोन लोखंडी पट्ट्या, ती बिघडली की लोक त्यांना बोलवायचे. ब्रेकचं विचारलं तर म्हणायचे, "ते मिस्त्रीले दाखवा." काचेचं कामही तुमच्या घरी येऊन, तुमच्या अंगणात. स्वतःच्या मळ्यात त्यांनी कुणाची गाडी कधी येऊ दिली नाही.

नावाचं सांगतो. त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्यावर आईनं उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उकर्डा. काळानं असल्या नावाकडे पाहू नये, ही त्यामागची युक्ती. "अन् खरंच पाह्यलं नाही," ते सांगायचे. "माह्यावर्ती धाकटी झाली तवा बुडी माय म्हने, आता भेव नाही, हिचं चांगलं नाव ठेवा." धाकटीचं नाव ठेवलं सुनंदा. हे सांगून ते ताटातले स्क्रू पुन्हा मोजायला लागायचे. पहिल्यांदा मी चहाचं विचारलं.

काम मात्र बघत बसावं असं. दाराचं आतलं कव्हर ते लाकडी उलथण्यानं सोडवायचे. उलथण्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, ओरखडा उठू नये म्हणून. कव्हरामागचं प्लॅस्टिक चिकटलेलं असतं, ते ओढायचे नाहीत. दार उन्हाकडे करून बिडी संपेपर्यंत थांबायचे, गोंद नरम झाला की अलगद सोलायचे. मग काच वर धरून चिकटपट्टीनं चौकटीला बांधायची, बोल्ट काढायचे, दाराच्या भोकातून हात कोपरापर्यंत घालायचा आणि तुटलेली मशीन आडवी-तिरपी करत बाहेर काढायची. हात आत असताना ते डोळे मिटून घ्यायचे.

नवी मशीन बसली की सात वेळा काच वर, सात वेळा खाली. कान दाराला लावलेला. आणि सातव्या खेपेला काच खाली उतरवून तशीच सोडून निघायचे. पावसाचे दिवस असोत, धुळीचे असोत. मी एकदा म्हटलं, "अहो, वर करून तरी द्या." तर म्हणाले, "चढाचं काय कवतिक सर, चढली त चढली. काच उतरली पायजे." जाताना जुनी मोटर पिशवीत घालून न्यायचे. त्याबद्दल मजुरीतले थोडे सोडायचे. आम्ही सगळे समजायचो, भंगारात विकत असतील.

आता माझ्या संतापाची गोष्ट. श्रावणातले दिवस. हिच्या भाचीचा साखरपुडा कामरगावला, आणि आदल्या संध्याकाळी आमच्या गाडीच्या मागच्या दाराची काच धाडकन दारात पडली. उकर्डाभाऊ सकाळी आले, ताट मागितलं, दार उघडलं. तार तुटून तिचे धागे धागे झाले होते. मशीन मालेगावात मिळेना. बाहेर रिपरिप चालू. मी घड्याळ पाहिलं आणि जे सगळ्या जगात लोक म्हणतात ते म्हटलं, "उकर्डाभाऊ, तूर्तास काच वर करून आतून एखादी खुट्टी ठोकून द्या. मशीन आल्यावर पाहू."

त्यांचा हात दारात होता. तो त्यांनी बाहेर काढला. दुपट्ट्यानं पुसला. मग गाडीत वाकून किल्ली काढली, बंडीच्या खिशात घातली आणि फाटकातून निघून गेले. मला वाटलं, पान खायला गेले असतील. अर्ध्या तासानं बसस्टँडवरच्या एकानं येऊन सांगितलं, तुमचे मिस्त्री अकोल्याच्या गाडीत बसले, सरांना सांगजा म्हणे. दुसरी किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. परत आले ते संध्याकाळी पाचला, अंगावरचे कपडे ओले, बगलेत खोकं. साखरपुडा झाला, जेवणं उठली, हिनं नवी पैठणी घडी करून परत ठेवली. मी त्यांना नाही नाही ते बोललो. शाळेतल्या टवाळ पोरांनाही मी कधी इतकं बोललो नसेन. त्यांनी ऐकून घेतलं. मशीन बसवली, सात वेळा वर-खाली केली, काच खाली सोडली, ताट घासलं. फाटकाशी जाऊन परत आले.

"सर, मले काय बी म्हना. पन खुट्टी म्हनू नका."

त्या आठवड्याच्या बाजारात त्यांची बायको वच्छलाबाई मेथीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. मी अजून घुश्शातच होतो, तक्रार करायला गेलो. त्यांनी ऐकलं आणि शेजारच्या बाईला जुड्यांकडे बघायला सांगून मला बाजूला घेतलं. जे सांगितलं ते असं.

सुनंदा केनवडला दिलेली होती. राखीला नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि ती अशी तिघं गाडीनं आली. आल्या आल्या मागच्या डाव्या दाराची मशीन तुटली, काच आत पडली. पाऊस धो धो. वच्छलाबाई म्हणाल्या, आज राहा, उद्या मशीन आणून बसवतील. सुनंदाचीही राहायची इच्छा होती. पण उकर्डाभाऊच म्हणाले, जवाईबुवांना उद्या कामावर जायचंय, कशाला खोळंबा, दहा मिनिटांचं तर काम. बाभळीची खुट्टी तासली, काच वर करून घट्ट ठोकली. "आता हत्ती आला तरी हालत नाही," असं म्हणाले. मग बहिणीला वांग्यांची आणि भेंडीची पोती भरली, ती मागच्या सीटवर उजव्या अंगाला रचली. पोराला पुढं बसायचं होतं. सुनंदा मागं बसली, डावीकडे.

वाटेवरच्या नाल्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. गाडी मधोमध बंद पडली आणि पाण्यानं तिला खाली ढकललं. नवरा पाणी किती आहे ते बघायला आधीच डोकं बाहेर काढून चालवत होता, त्याची काच उघडी होती. तो तिथून निघाला, त्यानं पोराला ओढून काढलं. पाणी बाहेरून दाबत असताना दार उघडत नाही. मागं एका बाजूला पोती होती, दुसऱ्या बाजूला खुट्टी.

मी बाजारातून भाजी न घेताच घरी आलो. हिला सांगितलं. त्यानंतर साखरपुड्याचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

त्यांना कुणी दोष दिला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. जवाई तर पाया पडून म्हणाला होता, तुमच्यामुळं काही झालं नाही. वाशिमच्या मोठ्या मिस्त्रीनं समजावलं होतं, उकर्डा, येडा का काय तू, पाण्यात गेली की मोटर जागच्या जागी मरते. तू त्यांना ठेवून घेतलं असतं, नवी मशीन बसवली असती, तरी ती पाण्यात चालली नसती. ती बाई वाचलीच नसती. मळ्यांतल्या सगळ्यांनी हेच सांगितलं. उकर्डाभाऊंनी मान हलवली, सगळ्यांचं ऐकून घेतलं.

पण ते नीट नव्हते. बाजारात कुठली गाडी उभी दिसली, काचा वर केलेल्या आणि आत बाई बसलेली, की उकर्डाभाऊ जवळ जायचे आणि बोटाच्या पेरानं काचेवर टकटक करायचे. बाई दचकायची, काच खाली करून विचारायची, काय हो? ते म्हणायचे, "काही नाही बाई," आणि चालू लागायचे. एक-दोघांनी त्यांना दटावलं, एका ठेकेदारानं तर कॉलर धरली. माझी मुलगी पुण्याहून आली होती तेव्हा तिच्याही काचेवर त्यांनी टकटक केली. तिनं काच उतरवली. त्यांनी हसून कोथिंबिरीची जुडी आत दिली. "बाबा, कोण होते हे? किती गोड माणूस," ती म्हणाली. मी गाडी चालू केली.

एका संध्याकाळी पालकाची जुडी घेऊन ते घरी आले. बसले. बिडी पेटवली नाही.

"सर, तुमी इज्ञान शिकवलं ना. एक इचारू? काचेची मोटर पान्यात बुडाली त चालते का?"

मला माहीत होतं ते काय विचारत आहेत. आणि मला चांगलं वागायचं होतं. त्यात तीस वर्षं खडू घासल्यावर माणसाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतंच. मी ठासून सांगितलं, "छे! पाणी आणि वीज. लगेच शॉर्ट होते. बंदच पडायची."

"मंग उद्या वावरात या," ते म्हणाले.

सकाळी गेलो. विहिरीजवळ सिमेंटचा हौद आहे, त्यात मेथीची मुळं धुतात. हौदाच्या काठावर गाडीची जुनी बॅटरी, तिला दोन वायरी, वायरींना चिमटे. बांधावर लोकांच्या दारांतून आणलेल्या मोटरी ओळीनं मांडलेल्या. त्यातली एक त्यांनी घेतली, दोरीला बांधली, चिमटे लावले. मोटर हवेत घुंघुं करायला लागली. ती त्यांनी हळूहळू हौदात सोडली.

ती बंद पडली नाही. आवाज फक्त बारीक झाला, दुसऱ्या खोलीतून यावा तसा. पाण्यावर तरंगणारी मेथीची पानं थरथरत होती. उकर्डाभाऊ उकिडवे बसून मोजत होते. एक, दोन, तीन. पन्नास झाले, शंभर झाले. मी उभा. दोनशेच्या पुढं कधीतरी तिचा आवाज घरघरला आणि मग ती थांबली.

"मंग हे काहून चालते सर?"

मी बटणांचा मुद्दा काढला. म्हणाले, बटनं बी बुडवून पाह्यले. मी म्हटलं, नाल्याचं पाणी गढूळ असतं. म्हणाले, गाळ टाकून पाह्यला. मी म्हटलं, वायरिंग जुनं असेल तर. त्यांनी बांधाच्या पलीकडं बोट दाखवलं. तिथे एका मोडक्या गाडीचं अख्खं दार पडलं होतं, वायरींसकट. मी नापास झालेल्या पोरासारखा उभा राहिलो.

"सगळ्याच चालते असं बी नसन," ते म्हणाले. "एखांदी त अशी असन, का बुडाल्या बरोबर बंद. मले एकच पायजे. एक भेटली का मी म्हनीन, सुनंदाची बी अशीच राह्यली असती. मंग मी ठेवून घेतलं काय अन् जाऊ देल्लं काय."

आपलं निर्दोषत्व शोधत बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. ते त्यांना कुणी फुकट देत होतं, तेव्हा त्यांनी घेतलं नव्हतं. मला त्यांचा फार राग आला. त्यानंतर मी अधूनमधून मळ्यात जायला लागलो. निवृत्त माणसाला सकाळी जायला जागा हवी असते, असं मी हिला सांगायचो. हौदाजवळ एक पालथा क्रेट होता, बॅटरीच्या बाजूला, तो माझा झाला. ते बुडवायचे, मोजायचे. मी बसायचो. कुठलीही मोटर बुडाल्या बरोबर थांबली नाही. काही लवकर थांबल्या, काही उशिरा.

एकदा ते बैलाला पाणी दाखवायला गेले असताना वच्छलाबाई जुड्या बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, एखांदी बंद पडू द्या ना हो."

"माझ्या हातात काय आहे वच्छलाबाई?"

"तुमी बॅटरीपाशीच त बसता." त्यांनी जुडीला गाठ मारली. "हा मानूस हौद सोडत नाही. आठ वर्सं झाले, नीट जेवला नाही. पोट्टं बी इसरलं असन आपल्या मायले, हा इसरत नाही."

घरी येऊन दोन दिवस विचार केला. आयुष्यभर पोरांना सांगितलं, प्रयोगात जे दिसेल ते लिहा, पुस्तकातलं उत्तर लिहू नका. पण पोरांची गोष्ट वेगळी, असं स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी मळ्यात गेलो.

कार्तिकातली सकाळ होती. ती आमची शेवटची भेट ठरली. पौषात ते गेले, वांग्यांना पाणी देता देता वाफ्यातच बसले आणि उठले नाहीत. त्यांच्याबद्दल मला विचारतात तेव्हा लोकांना मी ताटाची गोष्ट सांगतो, अकोल्याची सांगतो. त्या सकाळची सांगत नाही.

एका जीपच्या दारातून काढलेली मोटर होती. त्यांनी दोरी बांधली, चिमटे लावले, मोटर घुंघुं करायला लागली. ती पाण्याखाली गेली आणि त्याच क्षणी मी पायाच्या अंगठ्यानं वायर ओढली. चिमटा सुटून मातीत पडला. आवाज थांबला. पाण्यावरची पानं स्थिर झाली.

उकर्डाभाऊ तसेच बसून राहिले. त्यांच्या तोंडून एकही आकडा आला नाही.

"बंद पडली," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "वच्छला, बंद पडली व."

वच्छलाबाईंचे हात मेथीवर थांबले होते. उकर्डाभाऊ बांधावर टेकले. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. त्यांचे खांदे खाली आले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण खांदे सोडून बसलेले कधी पाहिले नव्हते. "तिले म्हनलो असतो राह्य, अन् राह्यली असती, तरी..." एवढंच म्हणाले आणि हसले. खरंच हसले. मला वाटलं, जमलं. मास्तरा, आयुष्यात एक काम बरं केलंस.

पण ताटात एक खटका उरला तर अख्खं दार पुन्हा उघडणारा माणूस तो. त्यांनी दोरी ओढून मोटर वर काढली. ओल्या मोटरीवरून, मग वायरीवरून बोट फिरवत, डोळे मिटून, ते बॅटरीपर्यंत आले. माझ्या पायाशी चिमटा पडला होता. त्यांनी डोळे उघडले. चिमट्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, मग वच्छलाबाईंकडे. त्या खाली मान घालून रिकाम्या हातानं जुडी बांधत होत्या.

"निसटला वाटतं," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. "निसटते कदी कदी."

त्यांनी मला उघडं पाडलं नाही. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी चिमटा उचलला, बंडीला पुसला आणि जागेवर लावला. मोटर सुरू झाली. ती त्यांनी पाण्यात सोडली. पाण्याखालून तोच बारीक आवाज यायला लागला. दोरी त्यांनी माझ्या हातात दिली.

"तुमी मोजा सर. माह्यानं मोजनं होत नाही आता."

मी मोजायला लागलो. एक. दोन. तीन. चार.

त्यांनी हात वर केला.

"बस्स. काच खाली जायाले एवढंच लागते."